नागपूरच्या चितारओळीतल्या मूर्तिकार काकूंना, हाडाच्या रंगाबद्दल

ती. स्व. काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. मधलं काही गाळू नको, असं त्याला बजावून ठेवलंय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण खेळातल्या माझ्या त्या बोटभर प्लास्टिकच्या सरदाराचे, त्याच्या अंगावरच्या कवट्यांचे फोटो पाहून पुण्याच्या, कोल्हापूरच्या खेळणाऱ्या मित्रांनी एकच गोष्ट विचारली: हाडाला हा रंग आणला कसा? उत्तर तुमचं आहे. नाव टाकू नको म्हणालात, म्हणून नुसतं ‘काकू’ लिहितो.

श्रावणात आईसोबत गणपती सांगायला तुमच्याकडे आलो होतो. आई मूर्तीची उंची आणि पाट ठरवत होती आणि मी खिशातली डबी काढून सरदार न्याहाळत उभा होतो. तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवलात आणि म्हणालात, “काय पाहून राह्यला रे? दाखव.”

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. टेबलावर रणांगण मांडायचं, फासे टाकायचे, इंचाच्या टेपनं चाल मोजायची, असा हा खेळ. सैनिक प्लास्टिकचे, साधारण 28 ते 32 मिलिमीटरचे. ते सुट्या भागांत येतात. ते आपणच कापायचे, जोडायचे, रंगवायचे. दोन-तीन संचांचे भाग एकत्र करून स्वतःचा वेगळा योद्धा घडवला की त्याला आम्ही कन्व्हर्जन म्हणतो. आणि कन्व्हर्जन म्हटलं की कवट्या आल्याच. वॉरहॅमर या आमच्या खेळाच्या विश्वात तर त्या पताकांवर, चिलखतांवर, देवळांवर सगळीकडे असतात. खोर्न नावाच्या रक्तपिपासू दैवताचं सिंहासनच कवट्यांचं आहे. कंपनीनं नुसत्या कवट्यांची एक पेटीही काढली होती, तिच्यात 340 कवट्या. आम्ही चौघांनी वर्गणी काढून ती घेतली आणि वाटून घेतली. एकेक कवटी तुरीच्या दाण्याएवढी, पण दात मोजता येतील इतकी रेखीव.

मी त्यातल्या तीसेक कवट्या एकाच सरदारावर चढवल्या होत्या. खांद्यावर, कमरेला, पायाखाली ढीग. सगळ्या शुभ्र पांढऱ्या आणि डोळ्यांच्या जागी काळे ठिपके. शिवाय पावसाळी हवेत गच्चीवर स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारल्यामुळे अंगभर बारीक पिठासारखी पूड धरलेली. तीन आठवडे मी त्यावर बसलो होतो आणि काहीतरी मेलंय एवढंच कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

तुम्ही तो चष्म्याजवळ धरलात. मला वाटलं, खेळणं म्हणून परत द्याल. तुम्ही विचारलंत, “हे कोणाकोणाचे मुंडके आहेत?”

काकू, दहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

मग तुम्ही खुंटीवरची ती माळ काढलीत. मागच्या दिवाळीत बंगाली मंडळींच्या कालीपूजेसाठी घडवलेल्यांतली उरलेली मातीची मुंडकी, सुतळीत ओवलेली. मुंडमाळेत पन्नास मुंडकी धरतात, ती वर्णमालेची अक्षरं असतात, हे मला तुमच्याकडून कळलं. घरी येऊन वाचलं तर तंत्रपरंपरेत खरंच तसा अर्थ सांगितलाय. कुठे एक्कावन्न मोजतात, एवढाच फरक. “अक्षर आहे तर एकसारखं कसं चालंन?” असं म्हणून तुम्ही माळ फिरवून दाखवलीत. एकाची मान डावीकडे, एकाचा जबडा उघडा, एक शेजारच्याला टेकलेलं. आणि माझ्या तीसही कवट्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या समोर बघत होत्या.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत उतरवलंय. थोडं इथे लिहितो, तुमची परवानगी गृहीत धरून.

हाड पांढरं नसतं. पांढऱ्यात पिवडी आणि किंचित काजळी घालून तुम्ही करवंटीत जो मळकट रंग कालवलात, तो पाहून मला वाटलं हा फारच घाण दिसेल. तो खालचा थर. त्यावर पातळ तपकिरी पाणी, जे खाचांत, दातांच्या मुळाशी, कवटीच्या शिवणींत जाऊन बसतं. आम्ही त्याला वॉश म्हणतो, बाटलीत तयार मिळतो. पण तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं हस्तिदंती रंग फक्त उंचवट्यांवर: कपाळ, भुवयांची कड, गालाची हाडं, वरचे दात. खरा पांढरा सगळ्यात शेवटी, आणि तोही टाळूवर एका टिंबाएवढाच. “मांडवात दिवा वरतं असते,” म्हणालात. खालच्या जबड्याला म्हणूनच पांढरा लावूच दिला नाहीत.

डोळ्यांबद्दल मात्र तुम्ही जास्त वेळ बोललात, आणि मलाही तिथेच जास्त लिहावंसं वाटतं. देवाचे डोळे आखताना तुमच्या घरात कोणी बोलत नाही, हे मी पाहिलंय. कवटीला डोळे नाहीत, तरी नजर असते, ती खोबणीच्या काठावर असते, हे तुमचं म्हणणं. खोबण सपाट काळी केली की ती चिकटवलेल्या टिकलीसारखी दिसते. तळाशी काळसर तपकिरी, वरच्या काठाखाली सर्वांत गडद आणि खालच्या काठावर बारीक उजळ रेघ. एवढ्यानं ती कवटी कुणाकडे तरी बघायला लागते. मी तुरीच्या दाण्यावर ते भिंगातून केलं. चौथ्या कवटीला जमलं. त्या रात्री मी आईला उठवून दाखवलं.

आणि जबडा. जुन्या कवटीला खालचा जबडा कशाला, असं तुम्ही सहज विचारलंत. मेडिकलला शिकलेल्या मित्राला मी ते विचारलं, तर तो म्हणाला, बरोबर आहे. कवटीच्या मोठ्या हाडांपैकी हलतं ते तेवढंच, बाकीची शिवणींनी घट्ट बसलेली असतात. मांस आणि स्नायू गेले की ते सुटून वेगळं पडतं. त्यामुळे आता माझ्या सरदाराकडे जबड्यासकट असलेली कवटी म्हणजे ताजा विजय, बिनजबड्याची म्हणजे बापजाद्यांकडून आलेली. जुन्यांवर थोडी हिरवट-राखाडी झाक, नव्यांच्या शिवणींत तांबूस गेरूची. पायाखालच्या कवट्या मातीवर ठेवलेल्या होत्या, त्या आता मातीत रुतल्यात, आणि आपल्याकडच्या काळ्या कपाशीच्या मातीचा डाग त्यांच्यावर खालून वर चढलाय. पुरलेलं हाड मातीचा रंग पितं, हेही तुमचंच.

तिसातून नऊ ठेवल्या, काकू. बाकीच्या उपटताना त्रास झाला. प्लास्टिकचा सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, त्यामुळे सुरी लावावी लागली आणि खांदा थोडा गेला. तो दोन भाग मळून करायच्या हिरव्या पुट्टीनं भरला. कमरेच्या कवट्यांना पिन व्हाइसनं, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलनं, आरपार भोकं पाडली आणि दोरीसाठी कूलरच्या मोटारी भरणाऱ्या दुकानातून तांब्याच्या तारेचा तुकडा मागून आणला. दोन पदरी पिळली की हुबेहूब सुंभ दिसतो. तुमच्या सुतळीसारखा मध्ये झोळ दिलाय. वजन असलेली वस्तू लोंबते, ताठ राहत नाही. नऊ जणांची नऊ नावं माझ्या वहीत आहेत. कोण कुठे पडला, तेही.

प्रायमरचं सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणालात तसं दमट दिवशी बाहेर अस्तर देणं सोडलं. घरात, पंख्याखाली, ब्रशनंच पातळ दोन हात देतो. उन्हाळ्यातही तेच करीन. आपल्या मे महिन्याच्या झळांत स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि मूर्तीवर वाळू बसल्यासारखं होतं.

तुमच्याकडे त्या दिवशी गणपतींची रांग लागली होती, गिऱ्हाईकं उभी होती. तरी तुम्ही पाऊण तास एका परक्या पोराच्या प्लास्टिकच्या तुकड्याला दिलात आणि एकदाही विचारलं नाहीत की याचा उपयोग काय. मोठ्या मूर्तीला धरता तसाच तुम्ही तो धरला होता, दोन बोटांत, खालून आधार देऊन. मी तेव्हा नीट आभार मानले नाहीत. आई घाई करत होती आणि मलाही बोलता आलं नाही. आता मानतो. मनापासून.

निघताना तुम्ही डब्यातला झिजलेला, केस फाकलेला एक ब्रश दिलात, “फेकायचाच आहे, तुला कामी येईन” म्हणून. कोरड्या ब्रशच्या कामाला तसाच लागतो. नवा त्यात लवकर खराब होतो. या नऊही कवट्या त्यानंच रंगवल्या.

दिवाळीआधी, कालीची मूर्ती रंगायला घ्याल तेव्हा, सरदाराला घेऊन येतो. सोबत एक छोटी डबी आणतोय. तिच्यात उपटलेल्यांतल्या एकवीस कवट्या आहेत, धुऊन, खरवडून, अस्तर देऊन. तुमच्या नातवानं मागितल्या होत्या. त्याला तुम्ही शिकवाल तेव्हा मीही बाजूला बसेन, चालेल ना?

तुमचा,
गणपती सांगायला आलेला मुलगा