गो-अराउंडच्या नावाने घाबरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्याकडे दोन प्रकारच्या बातम्या आलटून पालटून येतात. एक, ‘विमान धावपट्टीवरून पुढे गेले’. दुसरी, ‘उतरता उतरता विमान पुन्हा आकाशात, प्रवाशांचा जीव टांगणीला’. दोन्ही मथळ्यांचा सूर सारखाच असतो. वास्तविक दुसरी घटना म्हणजे पहिली घडू नये यासाठी केलेली तजवीज.

‘ओव्हरशूट’ या शब्दामुळेही हा घोळ वाढतो. वर्तमानपत्रांत तो विमान धावपट्टीचे टोक ओलांडून गेले की वापरतात. चौकशी अहवालांत त्याला ओव्हररन म्हणतात. ब्रिटिश वळणाच्या जुन्या वैमानिकांच्या, विशेषतः हवाई दलातल्यांच्या बोलीत मात्र ओव्हरशूट म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणे, आजचे गो-अराउंड. अपघात आणि तो टाळण्याचा उपाय, दोहोंना एकच नाव!

ओव्हररनचा दोष बातमीत बहुधा पावसाला किंवा ‘अपुऱ्या’ धावपट्टीला दिला जातो. ओल्या धावपट्टीवर ब्रेक कमी लागतात, हे खरेच. पण टॉवरमधून आम्ही नियंत्रक आधी पाहायचो ते टायरचा धूर कुठे उठतो, म्हणजे चाके कुठे टेकली ते. उतरणारे जेट सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर मीटर कापते. चाके टेकायच्या आधी ते पाच सेकंद जास्त तरंगले, तर साडेतीनशे मीटर धावपट्टी मागे पडलेली असते. त्यात पाठीमागून वारा असेल तर बघायलाच नको.

मंगळूरच्या 22 मे 2010 च्या ओव्हररनमध्ये धावपट्टी सुमारे 2,450 मीटरची होती आणि विमान टेकले तिच्या सुरुवातीपासून सुमारे 1,585 मीटरवर. सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटल्याचे चौकशीत नोंदले गेले. विमानातल्या 166 पैकी 158 जण गेले. कोझिकोडच्या 7 ऑगस्ट 2020 च्या ओव्हररनमध्ये 2,700 मीटरपैकी जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर चाके टेकली, तीही पावसात आणि पाठीमागच्या वाऱ्यात. 190 पैकी 21 जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांचे आई-वडील आमच्या नागपूरचे. हवाई दल अकादमीत सर्वोत्तम कॅडेटचा सोर्ड ऑफ ऑनर हा मान मिळवलेला माणूस. त्याच रात्री पहिल्या प्रयत्नात त्यांनी गो-अराउंड केलेही होते. तेव्हा हा प्रश्न कसबी आणि कच्च्या वैमानिकांचा नाही.

प्रश्न उतरतानाच्या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांतल्या मनाचा आहे. समोर दिवे दिसतात, उशीर झालेला असतो, आता उतरलोच असे वाटते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात वेग, उंची किंवा दिशा नियमात न बसलेल्या अप्रोचपैकी (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या टप्प्यांपैकी) जेमतेम 3 टक्के वेळा गो-अराउंड झालेले आढळले. बाकीची विमाने तशीच उतरली, आणि बहुतेक सुखरूप उतरली. खरी गोम तिथेच आहे. सुखरूप उतरले की कुणी काही विचारत नाही. उलट विमान वर उचलले तर मागच्या रांगेतून आरडाओरडा, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘थोडक्यात बचावले’. खर्च काय, तर थोडे इंधन आणि पंधरा-वीस मिनिटे.

वैमानिक बातम्या वाचून विमान चालवत नाहीत, हे मलाही कळते. पण प्रवासी वाचतात, आणि विमान वर गेले की हवाई सुंदरीच्या अंगावर ओरडणारे तेच असतात.

म्हणून विनंती एवढीच की, गो-अराउंडची बातमी द्यायचीच असेल तर मथळ्यातून जीव टांगणीला लावू नका. आणि ओव्हररनची बातमी देताना पाऊस किती होता याबरोबर चाके धावपट्टीवर नेमकी कुठे टेकली हेही विचारा. सुरुवातीला उत्तर मिळणार नाही. प्राथमिक अहवालात ते बहुधा असते. तो येतो तेव्हा बातमी आतल्या पानावर दोन ओळींत उरकलेली असते, ती जरा सविस्तर द्यावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, नागपूर