मोटरहोम आणि सरकारी जमीन

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या बडोदेकरांमध्ये भाड्याचे मोटरहोम (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन हिंडण्याचे बेत अलीकडे कानावर येतात आणि त्यासोबत ‘तिकडे सरकारी जमिनीवर कुठेही गाडी लावा, पैसे पडत नाहीत’ असा सल्लाही मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे.

राष्ट्रीय उद्यानांत नेमून दिलेल्या मुक्कामाच्या तळाखेरीज गाडीत रात्र काढता येत नाही आणि नावाजलेल्या उद्यानांतील तळ महिनोन् महिने आधी भरतात. विनाशुल्क मुक्काम चालतो तो मुख्यतः ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट (सरकारी जमिनी सांभाळणारे) आणि फॉरेस्ट सर्व्हिस (वनखाते) या केंद्र सरकारच्या दोन खात्यांच्या जमिनींवर, तोही सर्वत्र नाही. नेवाडा, युटा, ॲरिझोना या पश्चिमेकडील राज्यांत अशी जमीन अफाट आहे. मुलगा पूर्वेकडील न्यू जर्सीत राहतो म्हणून ती तिथे जवळपास मिळेल, या भ्रमात राहू नये. ॲरिझोनात तर शेजारचेच, दिसायला अगदी तसेच माळरान राज्य सरकारच्या ट्रस्टचे असू शकते आणि तिथे थांबायला परवाना लागतो. त्यामुळे जागा मोकळी दिसते की नाही यापेक्षा ती कोणाची आहे, हे आधी पाहावे लागते.

वनजमिनीसाठी फॉरेस्ट सर्व्हिसचा ‘मोटर व्हेईकल यूज मॅप’ हा साधा, काळा-पांढरा, फुकट मिळणारा नकाशा पाहावा. कोणता रस्ता वाहनांना खुला आहे हे त्यावर कळतेच, शिवाय ज्या रस्त्यांलगत गाडी लावून मुक्काम करता येतो त्यांच्या कडेने ठिपके दिलेले असतात. मोबाइलवरील ॲपमध्ये लोकांनी नोंदवलेल्या जागा सापडतात खऱ्या. पण त्यांतल्या काही नंतर बंद झालेल्या असतात आणि रानात बहुधा नेटवर्क नसते. म्हणून निघण्याआधी त्या भागातील रेंजर (वनाधिकारी) कचेरीला फोन करून रस्ता, वणव्यामुळे घातलेली बंदी आणि मुक्कामाची मुदत (सामान्यतः १४ दिवस) विचारून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

या जागा राखून ठेवता येत नाहीत. शुक्रवारी अंधार पडल्यावर पोहोचणाऱ्याला चांगली जागा मिळणे कठीण, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी पोहोचलेले बरे. मोठी गाडी असेल तर एकाने उतरून पुढचा कच्चा रस्ता पायी पाहून यावे, कारण गाडी वळवायला जागा नसेल तर मागे घेताना फजिती होते. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला अनेकदा मनाई असते, हे कलम तर कोणी वाचतच नाही.

वीज, नळ, सांडपाण्याची जोडणी यांपैकी तिथे काहीच नसते. पाण्याची टाकी गावातूनच भरून न्यावी लागते (टाकीचे पाणी पुरवून वापरणे आपल्या पिढीला शिकवायला नको!) आणि मैला व सांडपाणी अधिकृत डंप स्टेशनवरच (गाडीतील सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी) सोडावे लागते.

पर्यटन पुरवणीत अशा मुक्कामांची छायाचित्रे छापताना ती जमीन कोणत्या खात्याची आहे आणि चौकशी कोणत्या कचेरीत करावी, एवढ्या दोन ओळी खाली द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे