सोबत कोण होतं?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी फोन मी ठेवला, तू नाही. "मग घरात बसून फुलं ओळखू का?" असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून नको ते निघून गेलं. ते मागे घेते. पत्र अशासाठी, की फोनवर मी तुला पुरतं बोलू देत नाही आणि तू मला.

तू कड्यावरून घसरलीस, कपाळाला 4 टाके पडले, हे मला नवव्या दिवशी कळलं. तेही तुझ्या खोलीतल्या मुलीच्या आईकडून. तोवर रोज रात्री "जेवले, बरी आहे" एवढंच. रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. फक्त एकच सांग, तेव्हा वर सोबत कोण होतं?

येत्या रविवारी पुन्हा तिथेच जाणार म्हणतेस. कारण मला समजतं. ती खरपुडी, कड्यावरची कंदाची वनस्पती, फुलावर असताना हाती लागली नाही तर नाव ठरत नाही, आणि श्रावण-भाद्रपद सरला की पुढच्या पावसापर्यंत थांबायचं. पानावरून ओळखता येत नाही का, असं मी विचारलं होतं, तेव्हा तू एक फूल उभं चिरून दाखवलं होतंस. आत खालच्या दिशेने वळलेले बारीक केस, आणि तळाशी दोन चिलटं, जिवंत. आत जाता येतं, पण केस सुकेपर्यंत बाहेर पडता येत नाही, म्हणालीस. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुला कधी सांगितलं नाही.

आम्ही पोरं त्याच खरपुड्या उकरून खायचो. मामा काठीने माती उकरायचा, मी फ्रॉकला पुसायची, आणि कच्चीच तोंडात. गोडसर, पाणीदार. तिला कंदिलासारखं फूल येतं हे ठाऊकच नव्हतं, कारण फुलायच्या आधीच आम्ही ती संपवलेली असायची. तुझ्या प्रबंधात "कंद खाल्ल्याने संख्या घटली" असं वाक्य आहे ना, ते वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्यातले काही कंद माझ्या पोटात गेलेत, मनू.

बाबांनी कधी उघड म्हटलं नाही, पण त्यांची इच्छा इंजिनिअरिंगची होती. आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की मुंबई इलाख्याच्या झाडांचा मोठा ग्रंथ लिहिणारे कूकसाहेब पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचेच प्रिन्सिपॉल होते, आणि निवृत्तीनंतर विलायतेत क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून 1901 ते 1908 एवढी वर्षं तो ग्रंथ छापत होते. तुझ्या जुन्या खोलीतले ते तीन खंड बाबा दर दिवाळीत पुसतात. मला हात लावू देत नाहीत.

नोकरीचं मी बोलणार नव्हते. पण जाहिरात निघत नाही, निघाली तर झाडांच्या जाती ठरवणाऱ्या वर्गीकरणवाल्याला कोण विचारतं, सगळ्यांना प्रयोगशाळेतलं काम हवं, हे तूच सांगत असतेस. तेहतीस पूर्ण होतील. एखादी शाळा, ज्युनियर कॉलेज, काहीतरी हाताशी असावं... बघ, लागले सांगायला. सोड ते. माफ कर. नोकरी मिळेल न मिळेल, मला त्याची भीती नाही. भीती कड्याची आहे.

तू बी.एस्सी.ला असताना मला शिवनेरीवर नेलं होतंस. दुर्बीण माझ्या डोळ्याला लावलीस आणि म्हणालीस, "तो डाग दिसतोय? ती शिंदळ माकुडी." शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशा कपारीत जाड पानांचा झुबका आणि त्यात गडद लाल, पिवळ्या खुणांचं फूल. जन्मभर त्या गडाखाली राहून मी ते पाहिलं नव्हतं. तेव्हा तू पायवाटेवर उभी होतीस, माझ्या शेजारी. दुर्बिणीतून भागत होतं.

उतरताना पळसाची गोष्ट सांगितलीस. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पळसाला आधी पांगाऱ्याच्या प्रजातीत घातलं होतं. पुढे टाउबर्ट नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने त्याला ब्यूटिया या प्रजातीत आणलं, पण पहिलं नाव देणाऱ्याला कुणी पुसलं नाही. पळसाचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलं की लामार्क कंसात असतोच. झाड कुठल्याही घरात गेलं तरी ते आधी कुणी ओळखलं होतं, याची नोंद राहते. मी काही बोलले नाही. माझं नाव बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, आणि त्या दिवसापासून माहेरच्या नावाने हाक मारणारा एक मामाच उरला. मला कुणी कंसात ठेवलं नाही. तुला ते कसं कळलं कोण जाणे. एस.टी.त खिडकीशी बसून तू म्हणालीस, "मला नवीन जात सापडली तर तिला तुझं माहेरचं नाव देईन."

मला नाव नको गं. तू धड खाली ये.

तीन वर्षं झाली, कड्यावरची ती खरपुडी नवीन जातच आहे असं तू अजून म्हणत नाहीस. मूळ नमुन्यांशी एकेक पाकळी ताडून बघतेस. काकू विचारते, "एवढा वेळ कशाला?" मी तिला सांगते, माझी मुलगी खात्री पटल्याशिवाय बोलत नाही. हे सांगताना माझी मान ताठ होते. मग कड्यावर पाय टाकताना ती खात्री कुठे जाते?

पुन्हा तेच आलं. आलं तर आलं.

मागच्या सुट्टीत तू सुकवलेली रोपं कागदावर शिवत होतीस, तेव्हा मी दोरा ओवून देत होते. उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या. गाव, उंची, तारीख, फुलाचा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव. जुन्या कागदांवर दोन-दोन, तीन-तीन नावं होती. तुझ्या अलीकडच्या सगळ्या कागदांवर एकच, तुझं. रविवारच्या चिठ्ठीवर तुझ्या नावापुढे दुसरं एक नाव हवं. कुणाचंही चालेल. बाबांचंही चालेल, ते शनिवारच्या गाडीने यायला तयार आहेत, खाली बसून दोर धरतील.

तुझी,
आई

ता. क. – घोट्यासाठी आंबेहळद पाठवते आहे. बाजारात एका नावाने दोन वेगळी मुळं विकतात, असं तू म्हणायचीस. ही परसातली आहे, तूच लावलेली. उगाळून गरम करून लाव. आणि वर्तमानपत्रांची रद्दी दिलेली नाही, तुझ्या रोपं दाबून सुकवायच्या प्रेससाठी दोन गठ्ठे बांधून ठेवलेत. बाबा येणार असतील तर त्यांच्यासोबत देते. कळव.