थोडक्यात भागवायची सोय ठेवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बार्शीत एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. २००६ पासून हेच काम करतो. नव्या फोनच्या पानभर जाहिराती आपल्या अंकात येत असतात. तो फोन वर्ष-दीड वर्षाने ज्याच्या काउंटरवर येतो, त्याचे म्हणणेही वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात पांगरीकडच्या एक मावशी दुकानात आल्या. वय साठीच्या आसपास, शेतमजुरी करतात, मुलगा चाकणला कंपनीत. पिशवीतून कीपॅडचा फोन काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "आठ दिस झालं पोराचा फोन न्हाई. बिघडलाय का बघ बाबा." फोन उघडायची गरजच पडली नाही. रेंज होती, बॅटरी भरलेली होती. रिचार्ज संपून इनकमिंग बंद झाले होते. मुलगा तिकडून रोज फोन लावत होता, आई इकडे वाट बघत होती. लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले की नाही, त्याचा बँकेचा मेसेजही आलेला नव्हता. एवढ्यासाठी त्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली.

मी दोनशेच्या आसपासचा, सगळ्यात कमी किमतीचा पॅक मारून दिला. त्यात २ जीबी डेटा होता. मावशींच्या फोनमध्ये इंटरनेट चालतच नाही. तरी तो डेटा त्यांनी विकत घेतला, त्यावर १८ टक्के जीएसटी भरला आणि २८ दिवसांनी तो तसाच्या तसा संपला. फोनच्या मागे चिकटपट्टी लावून मी पुढची तारीख पेनाने लिहून दिली. "दर म्हैन्याला हीच तारीख ना?" असे त्यांनी विचारले. नाही म्हणावे लागले, कारण २८ दिवसांचा पॅक दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतो. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा.

मी धंद्यात आलो तेव्हा असे नव्हते. त्या सुमारास कंपन्यांनीच ९९९ रुपयांच्या आसपास 'लाइफटाइम'ची कार्डे विकली होती. इनकमिंग कायम चालू राहील, असे सांगून आम्ही दुकानदारांनी ती लोकांना दिली. बोलायचे असेल तर दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मारायचा. बाजाराच्या दिवशी हमाल, भाजीवाल्या, शाळकरी पोरे अशी दहा-दहा रुपयांची गर्दी असायची. मग २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने सक्ती आणली, की नंबर चालू ठेवायचा तर दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपये टाका. तो ३५ चा आकडा ४९, ७९, ९९ असा चढत गेला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. १७९ चा पॅक १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९ झाला. ज्यांना मी 'आता कायमची काळजी मिटली' असे सांगून कार्ड दिले होते, त्यांना तोंड मलाच द्यावे लागते.

डेटा स्वस्त झाला हे मी मनापासून मान्य करतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर आमच्या भागातल्या मुलांना जे बघायला, शिकायला मिळाले ते त्याआधी परवडणारेच नव्हते. मदरबोर्डवरचा शॉर्ट कसा शोधायचा, हे मी स्वतः यूट्यूबवर बघून पक्के केले. टॉवर उभारायला, स्पेक्ट्रम घ्यायला पैसा लागतो हेही खरे. पण ज्याला इंटरनेट नकोच आहे, त्याच्या खिशातून तो का काढायचा?

हा प्रश्न ट्रायलाही, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या दूरसंचार नियामक प्राधिकरणालाही, पडला होता. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवलाच पाहिजे. असे पॅक आहेत, पण ग्राहक आपणहून मागत नाही आणि दुकानदाराच्या ॲपमध्ये ते पार खाली सरकत गेल्यावर सापडतात. मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटाशिवायचे, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. देशात तेव्हा सुमारे १५ कोटी ग्राहक साध्या फोनवर होते, त्यांच्यासाठी. मला फार आनंद झाला होता. जानेवारीत पॅक आले तेव्हा पाहतो तर ८४ दिवसांचे साडेचारशे-पावणेपाचशे रुपये आणि ३३६ ते ३६५ दिवसांचे साडेसतराशे ते साडेअठराशे. महिन्याला शे-सव्वाशेत नुसते बोलता येईल असा पॅक त्यात नव्हताच. रोज मजुरीवर जाणाऱ्या बाईने एकदम पावणेपाचशे कुठून काढायचे? त्या पुन्हा दोनशेचाच मारतात, डेटासकट. हिशेबाने ते महाग पडते हे त्यांनाही कळते. हातात एका वेळी तेवढेच असतात.

फोनचीही हीच गोष्ट आहे.

नोकिया ११०० चे झाकण नखाने निघायचे. बॅटरी बीएल-५सी, ती कितीतरी मॉडेलांना चालायची, दीडशे रुपयांत नवी मिळायची. पुढे टचस्क्रीन आले तेव्हाही टच वेगळा आणि डिस्प्ले वेगळा होता. काच फुटली तर दोनशे-अडीचशेचा टच बदलून माणूस तासाभरात घरी जायचा. आता दोन्ही एकत्र चिकटवलेले. आम्ही त्याला फोल्डर म्हणतो. कोपऱ्यात एक तडा गेला तरी सबंध फोल्डर. साध्या फोनचा दीड-दोन हजार, ॲमोलेड म्हणजे भारीतल्या स्क्रीनचा सात-आठ हजारांच्या पुढे. नुसती काच बदलण्याची यंत्रे आहेत, पण काम जोखमीचे. खालचा पॅनेल गेला तर भरपाई माझ्या खिशातून. बॅटरी काढायला मागची काच हीटरवर तापवायची, पातळ पत्तीने गोंद सोडवायचा. काच तडकली की दुसरी मिळेलच असे नाही.

पाणी आत जाऊ नये म्हणून असे चिकटवले आहे, असे कंपन्या सांगतात. मला मात्र या बाबतीत दोन प्रसंग आठवतात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले, की एका पुरवठादाराच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना गरम होऊ शकतात, त्या बदलून देऊ. दुकानात नुसती झुंबड उडाली. लोक झाकण काढून बॅटरीच्या मागचा लांबलचक नंबर वाचून दाखवत होते. ज्यांचा नंबर त्यातला निघाला त्यांनी फक्त बॅटरी बदलायची होती, फोन आपल्याकडेच. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. तो भारतात विक्रीला आला नव्हता, पण परदेशात कंपनीला लाखोंनी आख्खे फोन परत घ्यावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद करावे लागले. बॅटरी आत चिकटवलेली होती, ग्राहकाला ती काढून बाजूला ठेवता येत नव्हती. नखाने उघडणारे झाकण म्हणजे जुनाटपणा नव्हे, ती सुरक्षितताही होती.

आता एक ताजी केस सांगतो. मार्केट यार्डातल्या एका हमालाने मुलाला डिप्लोमासाठी २२ हजारांचा फोन हप्त्यांवर घेऊन दिला. पंधरा महिन्यांनी, रात्री अपडेट झाले आणि सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही. बापलेक सोलापूरला सर्व्हिस सेंटरला गेले. 'वॉरंटी संपली, डिस्प्लेचे साडेनऊ हजार' असे सांगून परत पाठवले. शेवटचे तीन हप्ते अजून जायचे होते. अपडेटमुळेच रेघ आली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्याच मॉडेलचा, तसाच, तो माझ्याकडचा चौथा फोन. ग्राहकांनी ओरड केल्यावर काही कंपन्यांनी भारतात काही ठरावीक मॉडेलांचे डिस्प्ले फुकट बदलून दिले आहेत. म्हणजे दोष त्या ग्राहकांच्या हाताळणीत नव्हता. मग बाकीच्यांनी काय केले होते?

अपडेटनंतर फोन मंद झाला, ही तक्रार तर रोजची. आधी मी लोकांची समजूत काढायचो, की काका, असे काही नसते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतःच कबूल केले, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पुढच्या वर्षी इटलीत अपडेटमुळे फोन मंद झाल्याच्या प्रकरणात ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला. तेव्हापासून मी कुणाची समजूत काढत नाही.

युरोपात आता कायदे झाले आहेत. जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळाले पाहिजेत, अपडेट पाच वर्षे मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले, तर बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. विकणाऱ्या कंपन्या बऱ्याचशा त्याच आहेत. तिथे जमते ते बार्शीच्या माणसाला का मिळू नये? आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्या डिसेंबरात पोर्टल काढले. फोन दुरुस्त करायला किती सोपा, हे खोक्यावर छापण्याच्या निर्देशांकाचा अहवालही मे २०२५ मध्ये सादर झाला. माझ्या हाताखालून जाणाऱ्या खोक्यांवर तो आकडा मला अजून दिसलेला नाही. पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचे पत्ते मिळतात. मला पत्ता नको, पार्ट हवा आहे. ओरिजिनल फोल्डर, ओरिजिनल बॅटरी ठरलेल्या किमतीला, पावतीसह, माझ्यासारख्या दुकानदाराला विकत द्या. आज ते मिळत नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या बाजारातून कॉपी आणावी लागते. ती सहा महिन्यांत गेली की ग्राहक मला चोर म्हणतो. त्याचा राग मला समजतो, पण तो ऐकून रात्री झोप लागत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या खासदारांना या पत्रातून दोनच गोष्टी मागतो. फक्त बोलण्याचा, महिनाभर चालणारा, शंभराच्या आसपासचा पॅक प्रत्येक कंपनीला सक्तीचा व्हावा. आणि ज्या फोनचे सुटे भाग पाच वर्षे उघड्या बाजारात मिळणार नाहीत, तो फोन इथे विकायला परवानगी नसावी.

त्या हमालाला मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही हेही सांगितले. तो म्हणाला, "शेठ, सोलापूरला अजून चार खेपा मारल्या तर पोराच्या फीचं काय करू?" अर्ज मी त्याच्या बरोबर बसून ऑनलाइन भरणार आहे. आपल्या प्रतिनिधीला वेळ असेल तर दुकानात जरूर यावे. हिरव्या रेघेचे चारही फोन आणि मावशींच्या रिचार्जची वही दाखवीन.

आपला विश्वासू,
एक मोबाइल दुरुस्ती दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर