काचेच्या पेट्या

ब्रुसेल्स, २७ जुलै २०२३

ती. बाबा आणि आईस, सा. न.

परवा इथल्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागल्याचं सांगितलं, तर फोनवर बाबा चिडले, "सात वर्षं? पुरावा समोर असताना?" तेवढ्यात आईने जेवलीस का विचारलं आणि विषय राहिला. म्हणून लिहिते.

२२ मार्च २०१६ ला झावेन्टेम विमानतळावर आणि मालबेक मेट्रोत स्फोट झाले, ३२ माणसं गेली. आई, जेटची ती मुंबईची हवाईसेविका आठवते? पिवळ्या गणवेशात, धुळीने माखून बसलेली. मी इथे नंतर आले, पण मालबेकवरून रोज जाते.

खटला नाटोच्या जुन्या मुख्यालयात चालला. आधी प्रत्येक आरोपीला वेगळी बंद काचेची पेटी केली होती. वकिलांनी हरकत घेतली, अशिलाशी धड बोलताच येत नाही. न्यायाधीशबाईंनी पेट्या काढायला लावल्या, आणि ऑक्टोबरचं काम डिसेंबरात गेलं. बाबा, कोर्टात नाझर म्हणून जन्म काढलात तुम्ही. कसाबला वकील कशाला म्हणणाऱ्या शेजारच्या काकांना तुम्हीच सुनावलं होतंत, "उद्या अपिलात हेच काढतील!" मला पेट्यांची बातमी वाचून तेच आठवलं.

मार्चमध्ये एक दिवस रजा काढून गेले होते. फ्रेंच निम्मं डोक्यावरून गेलं. एक बाई साक्ष देता देता थांबली. बराच वेळ थांबली. कुणीही तिला "पुढे बोला" म्हटलं नाही.

आणि निकाल दिला तो ज्युरीने, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या बारा जणांनी. जवळजवळ तीन आठवडे बाहेरच्या जगापासून तोडून ठेवलं होतं त्यांना. दहापैकी सहा जण खुनात दोषी. त्यातला एक सीरियात मेला असं मानतात, तरी त्याच्यावरही खटला चाललाच. आणखी दोघांवर फक्त दहशतवादी गटात असल्याचं शाबीत झालं. उरलेले दोघे सख्खे भाऊ, ते साफ सुटले. खरं सांगू? ते दोघे सुटले म्हणून बाकीच्यांचा निकाल मला खरा वाटला.

शिक्षा सप्टेंबरात सुनावतील. फाशी इथे नाहीच. आई, तुला हे पटायचं नाही. मालबेकला उतरते तेव्हा मलाही रोज पटतंच असं नाही.

गणपतीला येतेय, तिकीट काढलंय. बाबा, खटल्याची फ्रेंच कात्रणं आणते. मी वाचून अर्थ सांगेन, तुम्ही चुका काढा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
मुक्ता