पाचव्या भावाची बायको तुम्ही का फोडलीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ड्रॅगन-रोमान्सवरचा, म्हणजे माणसाचं रूप घेणाऱ्या ड्रॅगनांच्या प्रेमकथांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी टर उडवली त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उडवायला जागा भरपूर आहे, दर दुसऱ्या पुस्तकात एक सहा फुटी इसम शर्ट न घालता खिडकीत उभा असतो आणि त्याला तीनशे वर्षं झोप नसते हे आम्हालाही दिसतं. पण टर उडवता उडवता तिसऱ्या कॉलममध्ये, दर पुस्तकात एका ड्रॅगन-भावाचं जमवणाऱ्या त्या मालिकेतल्या पाचव्या भावाची जोडीदारीण कोण निघते ते सरळ छापून मोकळे झालात, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आमचे चार भाऊ वाचून झाले होते, पाचव्याची जेमतेम साठ पानं झाली होती. आमचे म्हणजे माझे आणि सौ.चे. तिचं डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, आत गॅसचा बुडबुडा सोडलेला, त्यामुळे दिवसरात्र पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. वाचणं बंद, टीव्ही बंद. तिच्या भाचीनं ही मालिका फोनवर पाठवली, इंग्रजीत, आणि ती मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायची ड्युटी माझ्यावर आली. मी जन्मभर हिशेब तपासलेला माणूस. ड्रॅगन गुरगुरून 'माइन!' म्हणतो त्याचं मी पहिल्या दिवशी 'माझी!' केलं तर ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली की मला डॉक्टरांची भीती वाटली. ते मराठीत गुरगुरून म्हणताच येत नाही हो, लहान मूल बाहुली हिसकावतंय असं वाटतं. तेव्हापासून आम्ही 'माइन'च ठेवलं. दुसरा तिचा कायमचा प्रश्न, माणसाचा ड्रॅगन होतो तेव्हा कपडे कुठे जातात? पहिल्या भावाचे फाटतात, दुसऱ्याचे जादूनं गायब होतात आणि परत येताना इस्त्रीसकट येतात. ऑडिटला हे चाललं नसतं.

तर मुद्दा असा की पाचव्या भावाला कोण मिळणार यावर आमची पैज होती. मी म्हणत होतो ती फीनिक्स बाई, कारण आग तिथे आग, सरळ हिशेब आहे. ही दुसऱ्या पुस्तकापासून सांगत होती की ती नव्हे, समुद्रावरची ती गप्प गप्प सील-बाई (सीलचं कातडं उतरवलं की बाई होणारी), तिचं हरवलेलं कातडं त्याच्याच खजिन्यात पडलेलं असणार. आणि काल सकाळी नेहमीसारखा तुमचा पेपर मी हिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. वाक्य अर्ध्यावर आल्यावर कळलं आपण काय वाचतोय, पण तोंड थांबेना. म्हणजे फोडलं तुम्ही आणि बोललो मी! तिचं बरोबर निघालं तरी ती खूश नाही, म्हणते मला असं फुकटचं जिंकायचं नव्हतं. कालपासून माझ्याशी कामापुरतं बोलणं आहे.

लेखकमहाशय म्हणतात शेवट गोडच असतो मग फोडायचं काय त्यात. अहो गोड होणार हे तर ठरलेलंच, त्या भरवशावर तर पालथं पडलेलं माणूस रात्री अकराला अजून एक प्रकरण वाच म्हणतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांकडच्या मूळ सील-बायकांच्या गोष्टी वाचा. नवरा कातडं लपवून ठेवतो, संसार होतो, पोरं होतात, मग एक दिवस तिला कातडं सापडतं आणि ती पोरांना टाकून समुद्रात निघून जाते. इथे तीच बाई आहे, तेच कातडं आहे आणि लेखिकेनं शब्द दिलाय की रडायला लावणार नाही. आता ती हे जमवते कसं, एवढंच तर बघायचं होतं आम्हाला.

आणि 'ही अलीकडची परदेशी फॅशन' हे कुठून आणलं? कमरेखाली साप असलेल्या मेल्यूझीनची गोष्ट फ्रान्समध्ये १३९३ च्या सुमारास लिहून झाली होती, नवऱ्यानं शनिवारी न्हाणीघरात डोकावू नये एवढीच अट होती बिचारीची, त्यानं डोकावलंच आणि पुढे चारचौघांत तिला सापीण म्हणाला, तशी ती ड्रॅगन होऊन उडून गेली. बरं, ते परदेशी म्हणून सोडा. आपली हिडिंबा कोण होती? भीमासाठी देखणं रूप घेणारी राक्षसी, दिवसा त्याला घेऊन फिरायची आणि रात्री परत आणून सोडायचं असा करार. उलूपी नागकन्या, तिनं अर्जुनाला गंगेतून खाली ओढून नेलं आणि तुझं ब्रह्मचर्य द्रौपदीपुरतं आहे असं वकिलासारखं पटवलं. व्यासांवर तुमच्या पुरवणीत कधी टर आली नाही ती. आणि ते 'रूपांतरित सरडे' काय लिहिलंय? कामरूपी, इच्छाधारी हे शब्द कुठे गेले?

जाता जाता चित्राबद्दल. लेखासोबत छापलेल्या प्राण्याला दोन पाय आणि दोन पंख आहेत. काटेकोर बोलायचं तर तो वायव्हर्न झाला, ड्रॅगनला पाय चार. हिला अजून नीट दिसत नाही, मी वर्णन करून सांगितलं तर तिनंच चूक काढली.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : तो तिला कातडं शेवटी परत देतो की नाही हे लेखात आलेलं नाही. कृपया खुलासा छापू नका. आणि छापणारच असाल तर मी आता पेपर आधी मनात वाचतो.