बाळ्या, त्या मुलीला मी खाली बसवलं

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन येऊन गेले, तेही उचलले नाहीत. रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. इकडे सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात, हिची पाठ अधूनमधून दुखते, बाकी काही नाही.

एक गोष्ट झाली आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

आमची दुसऱ्या रविवारची बैठक तुला माहीत आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये संविधानातलं एक कलम वाचायचं आणि मग ज्याला जे विचारायचं ते विचारायचं. २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचून सुरू केली तेव्हा सात जण होतो, आता तीस-पस्तीस खुर्च्या लागतात. वॉचमन येतो, सी विंगमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी येतात. कलम २२ ची बैठक सगळ्यांत रंगली. अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, एवढंच मी सांगितलं. मावशी उठून म्हणाल्या, "माझ्या भावाला नेलं तेव्हा हे मला कोणी का नाही सांगितलं?" त्यावर हॉलमध्ये कोणी बोललंच नाही. पावसाळ्यात सातच जण आले तरी ही बैठक बंद पडू द्यायची नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

या वेळी मी मुद्दाम केरळच्या तीन भावंडांचा खटला घेतला. हो, तोच. ऑगस्ट १९८६, हनुमान टेकडी, आणि तू माझ्या हातातला पेपर ओढून घेतलास तो दिवस. दहावी, नववी आणि पाचवीतली मुलं. राष्ट्रगीत सुरू झालं की आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण यहोवाचे साक्षीदार या त्यांच्या पंथाला ते चालत नाही. जुलै १९८५ मध्ये शाळेनं त्यांना काढलं, हायकोर्टानं दाद दिली नाही. ११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गायलाच पाहिजे असा कायदा कुठेही नाही, उभं राहण्यात पुरेसा मान आहे, मुलांना परत शाळेत घ्या. तू म्हणालास, "उभी राहिली ना ती? मग?" आणि मी म्हणालो होतो, काढलं ते बरंच केलं. त्यानंतर ताईच्या लग्नापर्यंत आपण बोललो नाही, आणि पंगतीत तू माझ्या पानातली जिलबी न विचारता उचललीस तेव्हा भांडण मिटलं. (ती जिलबी अजून येणे आहे.)

तर बाळ्या, तू बरोबर होतास हे मी रविवारी पस्तीस जणांसमोर कबूल केलं. त्यासाठीच तर तो खटला घेतला होता. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्य येतं, हे समजावून सांगितलं. सभ्यपणे वाद झाला, दोघे जण निकालाच्या विरोधात होते, त्यांनाही पूर्ण बोलू दिलं.

मग मागच्या रांगेतून बी विंगची मुलगी उठली. दहावीला आहे, दर वेळी वही घेऊन येते. म्हणाली, "काका, आमच्या वर्गात एक मुलगी प्रार्थनेला उभी राहते, पण हात जोडत नाही. तिच्या घरी ती प्रार्थना म्हणत नाहीत. बाई तिला रोज वर्गाबाहेर उभं करतात. हे त्या मुलांसारखंच आहे का? आणि आम्ही कोणाला सांगायचं?"

इतका सरळ प्रश्न आजवरच्या बैठकांत कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर माझ्यासमोर होतं. कलम २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आदल्या रात्री त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती.

तेवढ्यात एक गृहस्थ उठले. त्यांची नात त्याच शाळेत आहे. शाळेची बदनामी चालली आहे, लहान मुलांच्या डोक्यात काय भरवताय, असा आवाज चढला. आणखी तिघे उठले. दारात सेक्रेटरी उभे होते, त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि मी त्या मुलीला म्हणालो, "बस बाळा, वैयक्तिक विषय नको. उगाच वातावरण बिघडतं." ती बसली. वही मिटली. मी पुढचं कलम वाचायला घेतलं.

वातावरण. तुला आठवतंय हा शब्द कुठला?

आणीबाणीत तुझे बाबा येरवड्याच्या तुरुंगात होते ते दिवस. आपण सहावीत. मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे कॅरम खेळायला यायचो आणि एक दिवस आमचे तात्या म्हणाले, "वातावरण निवळू दे, मग जा." पुढे कित्येक महिने मी आलो नाही. वर्गात आपण एकाच बाकावर बसायचो आणि मी तुला कधी सांगितलं नाही का येत नाही ते. तूही विचारलं नाहीस. एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला, की आणीबाणी आहे तोवर स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टाचं दारही वाजवता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. तो निकाल पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडलं, आणि पुसणाऱ्यांत त्या चौघांपैकी एका न्यायमूर्तींचा मुलगा होता. ते वडील न्यायमूर्तीही आपल्याच पुण्यात शिकलेले. तुझे बाबा तोवर नव्हते. त्या रात्री मी तुला फोन लावला होता, आठवत असेल, आणि आपण निकालाबद्दल सोडून सगळं बोललो.

तात्यांना मी मनातल्या मनात कधी माफ केलं नव्हतं. नोकरी होती, चार पोरं होती, हे कळायचं, तरी नाही. आणि माझ्याकडे गमावण्यासारखं काय होतं? एक हॉल.

त्या हॉलचंही ऐक. बुधवारी कमिटीनं बोलावलं. बैठक चालू ठेवा म्हणाले, पण विषय आधी कळवा आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, निवडून मगच वाचा. चिठ्ठीला माझा विरोध नाही. वसंत व्याख्यानमालेत आपणच तर चिठ्ठ्या पाठवायचो, आणि तुझ्या अक्षरामुळे एकही वाचली गेली नाही! पण ज्या पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली, लोकांनी आपलं गाऱ्हाणं स्वतः मांडावं म्हणून, तिथे पोळ्या करणाऱ्या मावशींनी प्रश्न आधी लिहून मंजूर करून घ्यायचा? मावशींना लिहिता येत नाही रे. मी "विचार करून सांगतो" म्हणून उठून आलो. नाही म्हणालो नाही.

आता खरी अडचण. काल त्या मुलीच्या घरी गेलो, माफी मागायला. तिच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "तुमच्यावर राग नाही, पण तिचं दहावीचं वर्ष आहे. त्याच बाईंकडे प्रॅक्टिकलचे मार्क आहेत. विषय वाढवू नका." आणि मुलगी दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "काका, उत्तर काय आहे ते तरी सांगा." जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. तिनं तळहातावर पेननं लिहून घेतलं, २८ (३).

मग मी काय करू? पुढच्या बैठकीत कलम २८ घेतलं तर शाळेचं नाव न घेताही सगळ्यांना कळेल कोणाबद्दल आहे. नाही घेतलं तर ती बाहेर उभी राहणारी पोर तशीच उभी. तिच्या आईवडिलांना हे माहीत आहे की नाही, तेही ठाऊक नाही. आधी त्यांना गाठावं, त्यांची इच्छा असेल तरच पुढे जावं असं वाटतं. पण हा शहाणपणा आहे की पुन्हा तेच वातावरण निवळायची वाट पाहणं, हे मला आतून कळेनासं झालंय. तुला बाहेरून कळेल. तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला तू बसला होतास.

चिठ्ठ्यांना मात्र उद्या सकाळी लेखी नकार देतोय. हॉल गेला तर नानांची गच्ची आहे, त्यांनी विचारायच्या आत हो म्हटलंय.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? पोराची बदली पुण्याला होतेय असं वहिनी म्हणत होत्या, खरं का? आणि द्राक्षांचं कसं, पावसानं फार गेली का?

दुसऱ्या रविवारी ये. सांगलीहून पहाटेची गाडी धरलीस तर अकरापर्यंत पोचशील. जिना चढवत नसेल तर आम्ही खुर्चीत बसवून वर नेऊ. भडंग आण, हळद आणू नकोस, गेल्या वेळचीच अजून संपली नाही.

तुझा,
नंदू